दगडावरची मधली जागा

डावी बाजू

व्हर्नानं पुढे होऊन कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं.

दगडावरची भुकटी उडवणारा हवेचा झोत फुस्स करून थांबला. गेरिट बोस्मा गवतात गुडघ्यांवर बसला होता, तसाच मागे वळला. त्यानं तोंडावरचा मास्क कपाळावर सारला. भुवयांमध्ये ग्रॅनाइटची पांढरी पूड साचली होती.

"काय झालं?"

"झालं का तुझं, ते विचारतेय."

"झालं. तारीख कोरून झाली. हात लावून बघ, आधीच्या अक्षरांशी जुळतेय ना."

व्हर्नानं हात लावला नाही. डाव्या बाजूला आर्डिथचं नाव होतं, जन्मतारीख होती, पुढे आडवी रेघ, आणि रेघेपुढे आता फेब्रुवारीतला एक दिवस. उजव्या बाजूला व्हर्नाचं स्वतःचं नाव, जन्मतारीख, आडवी रेघ, आणि पुढे काही नाही. दोघींनी कबरीवरचा हा जोडदगड पंधरा वर्षांपूर्वी जिवंतपणीच घेऊन ठेवला होता, गावात सगळेच घेतात तसा, आणि दोघींची नावं गेरिटनंच कोरली होती. दोन नावांच्या मध्ये दोन वीत रुंद जागा गुळगुळीत पडून होती. तिच्यात आकाश दिसत होतं.

"आणि मधलं?"

गेरिट नळीचं वेटोळं करायला लागला.

"गेरिट. मधलं."

"मला वाटलं, तुला फोनवर कळलं."

"फोनवर तू 'बघू' म्हणालास."

"'बघू' म्हणजे नाही. आपल्या गावात पोरांनाही कळतं ते."

खरं होतं. मिशिगनच्या या कोपऱ्यात तोंडावर कोणी नाही म्हणत नसे. 'बघू' म्हणायचं आणि समोरच्यानं समजून घ्यायचं. व्हर्ना इथेच जन्मली, इथेच वाढली. तरी या खेपेला तिनं 'बघू'चा अर्थ 'बघू' असा घेतला होता.

तिनं मागितलं होतं ते फार नव्हतं. एकमेकींत अडकलेल्या दोन अंगठ्या आणि खाली दोघींच्या लग्नाची, जुलै २०१५ मधली एक तारीख. या टेकडीवरच्या दफनभूमीत गेरिटच्या किंवा त्याच्या बापाच्या हातचा नाही असा दगड नव्हता, आणि नवरा-बायकोच्या प्रत्येक दगडावर त्या अंगठ्या होत्या. वीस वर्षं एकमेकांशी न बोललेली माणसंही त्यांच्याखाली शेजारी शेजारी निजली होती.

तिनं बोट दाखवलं. "तो ह्यूबर्ट. तिसरी बायको. कोरल्यास ना अंगठ्या?"

"कोरल्या."

"पहिल्या दोघींचं काय झालं, विचारलंस?"

"नाही विचारलं."

"तो पलीकडचा. बायकोला जिन्यावरून ढकललं होतं त्यानं. आर्डिथनं टाके घातले. त्याच्या दगडावरही आहेत."

"त्याला देव बघून घेईल."

"आणि मला तू बघणार."

गेरिटनं वेटोळं खाली ठेवलं. सत्तरीला आलेला माणूस, उठताना त्याला दगडाचा आधार घ्यावा लागला. त्यानं हात टेकला तो व्हर्नाच्या नावावर, आणि लक्षात येताच उचलला.

"तुझ्या तिन्ही पोरांच्या डोक्यातल्या उवा शाळेतली नर्स म्हणून आर्डिथनंच काढल्या," व्हर्ना म्हणाली. "तुझी मार्शा आजारी होती तेव्हा रोज संध्याकाळी कोण यायचं इंजेक्शन द्यायला?"

"आर्डिथ. विसरलो नाहीये मी. तिच्या पेटीला खांदा दिला मी."

"दिलास. खांदा चालतो. अंगठी नाही चालत."

"ऐक." तो हळू बोलत होता, आणि तेच तिला सहन होत नव्हतं. "तुझं नाव तिच्या शेजारी कोरलं, तेव्हा चर्चमधल्या दोघांनी मला बाजूला घेतलं होतं. मी म्हटलं, जागा त्यांची, दगड त्यांचा. नाव म्हणजे नाव, ते खरंच असतं. पण अंगठ्या कोरणं म्हणजे मी देवासमोर हो म्हणणं. मला म्हणता येत नाही. हात माझा आहे, व्हर्ना. हाच हात घेऊन जायचंय मला त्याच्यापुढे."

"आणि त्यानं माझ्याबद्दल विचारलं तर?"

गेरिटनं विचार केला. मनापासून केला. झटकून काहीतरी बोलला असता तर बरं, पण तो उभा राहून, डोळे बारीक करून विचार करत राहिला.

"सांगेन, मला उलगडा झाला नाही. पण मी खोटं कोरलं नाही."

व्हर्नानं कॉम्प्रेसरचं बटण पुन्हा दाबलं. यंत्र घरघरायला लागलं. त्या आवाजात ती त्याच्याकडे बघून बराच वेळ काहीतरी बोलत होती. त्याला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नसेल. तिला ते बोलायचं होतं, पण त्यावर पुन्हा त्याचं हळू आवाजातलं उत्तर तिला नको होतं.

आजूबाजूला

ग्रँड रॅपिड्सला करून घे, बँकेतली बाई म्हणाली. शहर आहे ते, तिकडे सगळं करतात.

ग्रँड रॅपिड्सहून माणूस येईल की, पोस्टातला म्हणाला. त्यात काय.

दुसरीकडे कर आणि मोकळी हो.

दुसरीकडे.

सहा-सात दिवसांत इतक्या जणांनी 'दुसरीकडे' म्हटलं की तिला वाटायला लागलं, ते एखाद्या गावाचं नाव असावं. तिथे सगळं मिळतं. तिथे कोणाला काही अडचण नसते. आपण मात्र इथे राहतो.

आर्डिथच्या भाचीनं शहरातल्या एका वकिलाशी गाठ घालून दिली. वकील तरुण होता, उत्साही होता. राज्याचा कायदा तुमच्या बाजूचा आहे, तो म्हणाला, पण वरच्या कोर्टाचा अलीकडचा कल त्याच्या बाजूचा. दगडावर कोरणं हा त्याचा धंदा की ते त्याचं बोलणं, यावर आपण काही वर्षं आरामात भांडू शकतो. 'आरामात' हा शब्द व्हर्नाच्या डोक्यात राहिला. तिनं त्याचे आभार मानले आणि 'बघू' म्हणाली. वकील शहरातला होता. तो अजून फोन करत असे.

व्हर्नाच्या रोपवाटिकेच्या पॉलीहाऊसमध्ये जिनेव्हा मदतीला यायची. जिनेव्हा म्हणजे आर्डिथची धाकटी बहीण, गेरिटच्याच चर्चची. वसंतात रोपांच्या ट्रे भरायचं काम दोघी मिळून करायच्या.

"अगं, दगड आहे तो," जिनेव्हा म्हणाली. "दगडाचं काय एवढं? माणूस कुठे गेलंय ते महत्त्वाचं."

"कुठे गेलंय?"

"म्हणजे?"

"तुमच्या चर्चच्या हिशेबानं कुठे गेलीय तुझी बहीण? सांग की."

जिनेव्हा मातीत बोटं खुपसत राहिली. एक भोक, एक रोप.

"मी ते त्याच्यावर सोडलंय."

"कोणावर? गेरिटवर?"

"जीभ आवर जरा." पण जिनेव्हाला हसू आलं होतं, ते तिनं खांद्यावर पुसलं. "तो वाईट माणूस नाहीये, व्हर्ना."

"माहितेय. वाईट असता तर सोपं होतं. वाईट माणसाला शिवी देऊन घरी जाता येतं."

चर्चमध्ये कोणीच वाईट नव्हतं. आर्डिथच्या अंत्यविधीनंतर तिथल्या बायकांनी हॅम भरलेले पाव केले, बटाट्याची कोशिंबीर केली, वर भांडीही घासून दिली. छापलेल्या कार्यक्रमपत्रिकेत व्हर्नाच्या नावापुढे 'जिवलग मैत्रीण' असं होतं. त्याआधी कितीतरी वर्षं दोघी तिथे शेवटच्या बाकावर बसत होत्या. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कोणी काही म्हणत नव्हतं. मग कायद्यानं अशी लग्नं मान्य केली, दोघींनी लग्न केलं, आणि त्यानंतरही कोणी काही म्हणालं नाही. फक्त प्रभुभोजनाच्या पवित्र पावाची थाळी त्यांच्या बाकाशी आली की वळसा घालून जायला लागली. थाळी धरणारा गेरिट असे. तेव्हाही तो त्यांच्याकडे बघून मान लववायचा.

व्हर्नानं जाणं सोडलं. आर्डिथ जात राहिली.

"तू कर ना ग्रँड रॅपिड्सला," जिनेव्हा पुन्हा म्हणाली. "मी येते गाडीतून."

"जन्मतारीख गेरिटनं कोरलेली. मरणाची तारीख गेरिटनं कोरलेली. आणि लग्न तेवढं बाहेरून मागवायचं?"

जिनेव्हानं हातावरची माती झटकली. तिनं पुढचा ट्रे ओढला.

उजवी बाजू

मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी, स्मृतिदिनी, सगळं गाव टेकडीवर फुलं घेऊन जातं. फुलं म्हणजे जिरेनियम, आणि जिरेनियम म्हणजे व्हर्नाचं पॉलीहाऊस. कुंडीला पांढरी रिबीन बांधायची आणि तिच्यावर गिऱ्हाईक सांगेल ते शाईनं लिहून द्यायचं, हे आर्डिथनं सुरू केलं होतं. शाळेतल्या नर्सचं तिचं अक्षर, सुटं आणि सरळ. 'आईस.' 'दादा, तुझी आठवण येते.' यंदा ते काम व्हर्नाकडे आलं.

गेरिट दरवर्षी शनिवारी यायचा. दोन लाल कुंड्या, त्याच्या वारलेल्या बायकोसाठी, मार्शासाठी. आर्डिथ त्याची रिबीन लिहायची, थाळी वळसा घालायला लागली त्या वर्षीही तिनं लिहिली. व्हर्ना तेव्हा तिच्यावर उखडली होती.

"त्याला कशाला लिहून देतेस?"

"मार्शाला लिहितेय," आर्डिथ म्हणाली होती. "तो नुसता पोचवतो."

आर्डिथ तशी होती. व्हर्ना तशी नव्हती. व्हर्ना पाणी घालता घालता गेरिटला ऐकवायचं भाषण तयार करत होती.

"तुला इथून काही मिळणार नाही."

छोटं झालं. एवढं म्हटल्यावर पुढे हातांचं काय करायचं?

"तू थाळी आमच्यासमोरून नेलीस, गेरिट, आता या कुंड्या मी तुझ्यासमोरून—"

लांबलं. चर्चसारखं वाटायला लागलं.

"ग्रँड रॅपिड्सला जा. तिकडे सगळं मिळतं."

हे बरं होतं. यावर रांगेतली माणसं हसली असती. पण तिला कोणाला हसवायचं नव्हतं.

मग एका सकाळी, टोमॅटोच्या रोपांपाशी, तिला ते नेमकं सापडलं:

"रोप घे. माती घे, कुंडी घे. रिबिनीवर मात्र मी लिहिणार नाही. हात माझा आहे."

तिनं नळ बंद केला आणि ते पुन्हा म्हणून पाहिलं. त्यात कमी-जास्त करण्यासारखं काही नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस ती ते म्हणत राहिली. मोठ्यानं, हळू, 'गेरिट' लावून, 'गेरिट' न लावता. झोपताना आर्डिथच्या उशीकडे पाठ करून.

"टोमॅटोंना पाठ झालंय आता ते," जिनेव्हा म्हणाली. "बास कर."

"त्यांना झालं असेल. मला अजून सहज म्हणता यायला हवं."

"आणि मग? म्हटलंस, मग काय?"

"मग त्याला कळेल."

"काय कळेल?"

व्हर्नानं नळी दुसऱ्या रांगेकडे नेली.

मधली जागा

शनिवारी दुपारी रांग पॉलीहाऊसच्या दाराबाहेर गेली होती. जिनेव्हा पैसे घेत होती, व्हर्ना टेबलाशी उभी राहून रिबिनी लिहीत होती. तिचं अक्षर आर्डिथसारखं नव्हतं. लोक काही म्हणत नव्हते, पण रिबीन हातात घेताना बघत होते.

गेरिट रांगेत उभा होता. सुनेला पाठवता आलं असतं, तो स्वतः आला होता, आणि शनिवार असून चर्चला घालायचा सदरा घालून आला होता. दोन्ही हातांत एकेक लाल कुंडी. त्याच्या पुढची माणसं एकेक करून कमी झाली आणि जसजशी झाली तसतसं बोलणं बंद होत गेलं. शेवटी छपराखालच्या पंख्याचाच आवाज उरला.

त्यानं कुंड्या टेबलावर ठेवल्या.

"जिनेव्हा म्हणाली, तुला मला काही सांगायचंय," तो म्हणाला.

जिनेव्हानं सुट्ट्या नाण्यांत डोकं घातलं.

"सांग. सगळ्यांसमोर सांग. मी वाईट वाटून घेणार नाही. तुझा हक्क आहे तो, जसा माझा होता. मी कुठे तक्रार करणार नाही, आणि दुसऱ्या कोणाला करू देणार नाही."

तो हात मागे बांधून, मान किंचित पुढे काढून उभा राहिला. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसासारखा.

व्हर्नानं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर आलेलं होतं, सगळंच्या सगळं, एकही शब्द न विसरता. आणि तेवढ्यात तिचं लक्ष त्याच्या खांद्यांकडे गेलं. ते आत्ताच सैल पडले होते. डोळ्यांखाली काळं होतं, बरेच दिवस झोप न लागलेल्या माणसाचं. तो ते वाक्य ऐकेल. मान डोलावेल. कुंड्या मार्शाच्या दगडापाशी ठेवून येईल, घरी जाईल आणि बऱ्याच दिवसांनी गाढ झोपेल. उद्या चर्चमध्ये सांगेल, तिलाही तिचा विवेक आहे, आणि सगळे मान डोलावतील. फिट्टंफाट. टेकडीवरची ती दोन वीत जागा तशीच राहील, फक्त आता तिच्यावर व्हर्नाचीही सही असेल.

ती जिनेव्हाकडे वळली.

"डावीकडच्या कुंडीत एक पान पिवळं आहे," ती म्हणाली. "चांगली बघून दे."

"अं?" जिनेव्हा म्हणाली.

"बदलून दे त्याला कुंडी."

"मला हीच चालेल," गेरिट म्हणाला.

"मला नाही चालत. सगळ्यांना चांगलं रोप देते मी."

जिनेव्हा गेली आणि दुसरी कुंडी घेऊन आली. व्हर्नानं तिच्यावरचं एक सुकलेलं फूल खुडलं, कुंडीची कड ओल्या फडक्यानं पुसली, मग दुसऱ्या कुंडीची पुसली. घाई केली नाही. गेरिटचे बांधलेले हात सुटले होते. ते कुठे ठेवायचे, त्याला कळत नव्हतं.

तिनं रिबीन कापली आणि टेबलावर ताणून धरली.

"काय लिहू?"

"राहू दे. यंदा रिबीन नको."

"दरवर्षी असते."

"दरवर्षी आर्डिथ लिहायची."

"आर्डिथ मेली. तारीख तूच कोरलीस. काय लिहू?"

"मार्शा," तो म्हणाला.

"नुसतं मार्शा?"

त्यानं सदऱ्याची बाही खाली ओढली.

"मार्शा तुझी कोण होती, गेरिट?"

"व्हर्ना," जिनेव्हा दबक्या आवाजात म्हणाली.

"मला माहीत नाही असं समज. विचारायला नको का? माझ्या हातून खोटं जायला नको."

मागे कोणीतरी खाकरलं. गेरिटनं टेबलाची कड धरली. तिच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न त्यानं केला, पण ती रिबिनीकडे बघत होती.

"बायको."

"जरा मोठ्यानं. पंखा चालू आहे."

"बायको होती माझी."

"लग्न कधी झालं?"

"तुला माहितेय. तू होतीस लग्नाला."

"तारीख सांग."

त्यानं सांगितली. जून महिना, तो तेवीस वर्षांचा होता ते साल. त्यानं गळा साफ केला आणि पुन्हा सांगितली, तिनं न विचारता.

व्हर्नानं लिहिलं. एका टोकाला मार्शाचं नाव, दुसऱ्या टोकाला गेरिटचं, खाली ती तारीख. मार्शाच्या नावाखाली 'प्रिय पत्नीस', मोठ्या अक्षरांत, रांगेतल्या तिसऱ्या माणसालाही वाचता येईल असं. राग इतका होता की हात अगदी स्थिर होता.

दोन नावांच्या मध्ये रिबीन कोरी राहिली होती. तिनं पेन खाली ठेवलं नाही. एक वर्तुळ काढलं, आणि त्यात अडकलेलं दुसरं. चित्रकलेत तिला कधीच गती नव्हती. दुसरं वर्तुळ जरा चपटं झालं, तिनं त्यावरून पेन पुन्हा फिरवून ते नीट केलं. शाई वाळावी म्हणून फुंकर मारली. मग रिबीन कुंडीला बांधली, पुढच्या बाजूला येईल अशी.

गेरिट बघत होता.

"हे नको होतं काढायला," शेवटी तो म्हणाला.

"का? खोटं आहे?"

"नाही."

"मग ने."

त्यानं पाकीट काढलं. व्हर्नानं जिनेव्हाकडे बोट केलं. "पैसे तिकडे. इतरांना लागतात तेवढेच." तो पैसे देत असताना तिनं दोन्ही कुंड्या उचलल्या, बाहेर त्याच्या पिकअपपर्यंत नेल्या आणि मागे न ठेवता पुढे, शेजारच्या सीटवर ठेवल्या, रिबीन त्याच्याकडे तोंड करून. वर सीटबेल्ट लावला, सांडू नयेत म्हणून. ती परत आली तेव्हा तो दारातच उभा होता. तिला वाट द्यायला तो बाजूला झाला.

"व्हर्ना—"

"सोमवारी सकाळी पाणी घाल," ती म्हणाली. "ऊन पडायच्या आधी."

ती टेबलामागे आली. रांग जागची हलली नव्हती. पुढे बँकेतली बाई होती, पांढऱ्या जिरेनियमची कुंडी पोटाशी धरून. ती दाराबाहेर बघत होती. पिकअपचं दार लागल्याचा आवाज आला, इंजिनाचा आला नाही.

"कोणासाठी?" व्हर्नानं विचारलं.

"आई," बाई म्हणाली. तिनं मान वळवली. "आईसाठी."

व्हर्नानं नवी रिबीन कापली. बाहेर मागच्या गाडीनं भोंगा वाजवला, थोडं थांबून पुन्हा वाजवला. पिकअप वाटेतच उभा होता, आत गेरिट शेजारच्या सीटकडे बघत बसलेला.

"कोणीतरी जाऊन बघा की त्याला," जिनेव्हा म्हणाली.

कोणी गेलं नाही. व्हर्नानं पेनाचं टोपण काढलं.

"नुसतं आई लिहू," तिनं बाईला विचारलं, "की नावही घालू?"